पिकअप विका, पण एक्सचेंजमध्ये नको

पत्र, थोडक्यात: "मी ४३ वर्षांचा. राहायला कोथरूड, पिरंगुटला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस आहे, पांढऱ्या पाटीची, फोर बाय फोर, ९६ हजार किलोमीटर. घेतली तेव्हा वर्कशॉप आणि मुळशीकडची शेती, दोन्हीला चालेल म्हणून घेतली. आता माल टेम्पोने जातो आणि शेती चुलतभाऊ बघतो. बाणेरला एका डीलरकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० उभी आहे, ६१ हजार चाललेली, साडेअठरा लाख सांगतो. माझी पिकअप साडेनऊला धरतो, वर नऊ लाख द्या म्हणतो. बायको म्हणते काहीही घ्या, पण हे धूड घालवा. वडील म्हणतात, पिकअप गेली तर गावात कोण विचारणार? भावकीतला प्रत्येक फ्रीज, प्रत्येक बिऱ्हाड आणि दोन मंडळांचे गणपती माझ्याच गाडीतून गेलेत. आतेमेहुणा दर आठवड्याला दुकानाचा माल आणायला नेतो, महिन्याला काहीतरी हातावर ठेवतो. नाही म्हणता येत नाही. काय करू? – गाडीवेडा, पिरंगुट"

नमस्कार.

तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात इंजिनावर सहा ओळी आहेत आणि भावकीवर अडीच पानं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्हाला आरएस आवडलीय हे खरंच, पण त्याहून जास्त तुम्हाला अशी गाडी हवीय जिच्यात फ्रीज बसत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणसं नाही म्हणता येत नाही म्हणून घरं बदलतात, तुम्ही गाडी बदलताय.

पण आतेमेहुण्याचं प्रकरण गाडी विकेपर्यंतही चालू ठेवू नका. तुमची गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे आणि विमाही खासगी वापराचा आहे. अशा पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर बसत नाही. एखाद्या वेळी कुणी डिझेल भरून दिलं तर त्याला कोणी भाडं म्हणणार नाही. दर आठवड्याला दुकानाचा माल आणि दर महिन्याला ठरलेली नोट, याला मात्र दुसरं नाव देणं अवघड आहे. उद्या पौड रस्त्यावर काही झालं तर विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल की गाडीत काय होतं आणि कुणाचं होतं. हौद्यात माणसं बसवून नेणं तर सरळ बेकायदाच. गणपतीत पोलीस दुर्लक्ष करतात, विमा कंपनी करत नाही.

वडिलांशी प्रतिष्ठेवर वाद घालू नका, हराल. त्यांना एवढंच सांगा की यापुढे भावकीत कुणाचं सामान हलवायचं असेल तर छोटा हत्ती मी सांगतो आणि भाडं मी देतो. वर्षातून पाच-सहा वेळा भाडं भरलंत तरी साडेनऊ लाखांची गाडी, तिचा विमा, तिचे टायर आणि तिची पार्किंगची भांडणं यापुढे ती रक्कम किरकोळ आहे. शिवाय भाडं तुम्ही देताय हे गावात पोचतंच. वडिलांना हवं ते मिळेल. आणि फुकट टेम्पो मागताना लोकांना जो संकोच वाटतो, तो फुकट पिकअप मागताना वाटत नसतो, हेही तुमच्या लक्षात येईल.

आता गाड्या.

तुमची व्ही-क्रॉस म्हणजे अडीच लिटर डिझेल, १३४ अश्वशक्ती, पाच गिअर, लॅडर फ्रेम म्हणजे ट्रकसारखा शिडीच्या आकाराचा सांगाडा, आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. मागच्या पाट्या ओझ्यासाठी बनवलेल्या असतात. हौदा रिकामा असला की त्या दबतच नाहीत, आणि म्हणून तुमच्या सौभाग्यवतींची कंबर दुखते. लांबी जवळपास ५.३ मीटर. सोसायट्यांमध्ये गाडीची जागा साधारण पाच मीटर बाय अडीच मीटर आखलेली असते, म्हणजे तुमची गाडी कितीही नीट लावली तरी फूटभर बाहेर राहणारच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवलेल्या पत्रांबद्दल तुम्ही तक्रार केली आहे. या बाबतीत मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे.

आरएस २३० हे अगदी वेगळं जनावर. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. आणि वजन तुमच्या पिकअपपेक्षा साधारण साडेचार क्विंटल कमी. २०१७ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या आसपास होती, तेवढ्या पैशात तेव्हा दुसरं काहीच असं पळत नव्हतं. मोजक्या आल्या, म्हणून आजही भाव धरून आहेत. एक गंमत सांगतो: तिची डिकी मागच्या काचेसकट उघडते, ५९० लिटरची आहे, आणि मागची सीट आडवी केली की वॉशिंग मशीन आरामात जातं. हे भावकीला कळू देऊ नका.

गाडी वाईट नाही, उलट उत्तम आहे. पण रोज कोथरूड ते पिरंगुट, चांदणी चौक, भूगाव, पुढे रस्त्याचं काम चालू असेल ते, आणि गतिरोधक कुणी कुठल्या मापाने बांधले ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पिकअप चालवून तुमच्या पायाला एक सवय लागलीय की गतिरोधक आला तरी ब्रेक लावायचा नाही. ती सवय या गाडीत पहिल्याच आठवड्यात पुढचा बंपर घेऊन जाईल. टायर कमी प्रोफाइलचे आहेत, म्हणजे रिमभोवती रबराची उंची कमी. खड्ड्यात जोरात गेलात तर टायरला बाजूला फुगा येतो, रिम वाकते, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. आणि वेग म्हणाल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा १०० ची आहे, घाटात ६० ची, वर कॅमेरे. तुमची मजा पहाटेच्या ताम्हिणी घाटापुरती. ती मजा खरी असते, मी नाकारत नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी गाडी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरवून दाखवा म्हणावं. चार माणसं आत बसवून. उताराच्या तोंडाशी खालून घासली तर पुढचं सगळं बोलणं तिथेच संपवा. डीलर कुरकुर करेल, करू दे. साडेअठरा लाखांची गाडी विकायची तर बाणेरहून कोथरूडला यायला काय हरकत आहे?

घासली नाही, तर पुढची तपासणी. सकाळी लवकर जा आणि आधीच बजावून ठेवा की गाडी सुरू करून ठेवायची नाही. बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे ना ते बघा. गरम करून ठेवलेलं इंजिन पुष्कळ काही लपवतं. थंड इंजिनात साखळीचा खुळखुळाट येतो का ऐका. या जातीच्या इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळण्याची तक्रार जुनी आणि सर्वज्ञात आहे, तेव्हा कूलंटची पातळी आणि त्या भागातले सुकलेले डाग पाहा. गिअरबॉक्सबद्दल लोक तुम्हाला घाबरवतील, 'डीएसजी? छे छे' म्हणतील. त्यात अर्धं खरं आहे. पुण्याच्या गर्दीत डोकेदुखी ठरलेला डीएसजी तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. या गाडीतला सहा गिअरचा आहे आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, तो गर्दी जास्त सोसतो. पण त्याचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. ही आरएस ६१ हजारांवर उभी आहे. हे बदललं का, याचं बिल मागा. 'झालंय सर सगळं' हे बिल नव्हे. बिल नसेल तर तेवढा खर्च किमतीतून कापा. बरेचदा अशा गाड्या नेमक्या मोठ्या खर्चाच्या तोंडावर बाजारात येतात.

स्कॅनर लावून बघणारा माणूस बरोबर न्या, मीटरवरचा आकडा आणि गाडीतल्या बाकीच्या इलेक्ट्रॉनिक युनिटमधल्या नोंदी जुळतात का हे त्यालाच कळेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवर इतिहास काढा. आणि विचारा, स्पष्ट विचारा: रीमॅप केली होती का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं होतं का? पुण्यात आरएस घेऊन ती कंपनीने दिली तशीच ठेवणारे असतात, पण सगळेच नसतात. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देतात. एक्झॉस्टचे नट नवे दिसले, इनटेकचे क्लिप खरवडलेले दिसले, तर समजा की इथे कुणाचा तरी हात फिरलाय. रीमॅप केलेली प्रत्येक गाडी वाईटच असते असं नाही, पण त्या गाडीचे तिसरे मालक तुम्ही होऊ नका.

पुण्यात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे पाणी. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेच्या पाण्याने पार्किंगमधल्या गाड्या बुडवल्या. बुडालेल्या गाड्या भंगारातच जातात असं नाही, धुऊन-पुसून त्या फिरून बाजारात येतात. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा, शेवटच्या फूटभर भागावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांवर गंज बघा. पॉलिश आणि अत्तर मारलेली गाडी असेल तर नाक अजून खाली घाला.

पेट्रोलचंही बघून घ्या. देशात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप-सील त्या हिशोबाने आहेत, २०१८ च्या गाडीबद्दल तसं धरून चालता येत नाही. टाकीच्या झाकणामागे काय छापलंय ते वाचा आणि मेकॅनिकशी बोला. आणि गर्दीत मायलेज दोन आकडी मिळालं तर नशीब समजा. तुमच्या डिझेल पिकअपची सवय झालेल्या पाकिटाला हे जाणवेल.

एवढं सगळं लिहून झाल्यावर माझं मत: तुमच्या वापराला ही गाडी मी घेतली नसती. चाकणलाच बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा तिची बहीण स्कोडा स्लाव्हिया, दोन्ही दीड लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर, २०२२ साली आलेल्या. दोन-तीन वर्षं वापरलेली, मॅन्युअल गिअरची शोधा. लांबी साडेचार मीटरच्या जेमतेम वर, जमिनीपासून उंची १७९ मिलिमीटर, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे. आरएसच्या मानाने संथ, हे मान्य. पण ३५० न्यूटन मीटर उपसणाऱ्या गाडीत बसून भूगावच्या सिग्नलला थांबण्यात जे वैफल्य आहे, ते २५० वाल्या गाडीत कमी असतं. मॅन्युअल म्हणतोय कारण यातला ऑटोमॅटिक तोच कोरड्या क्लचचा सात गिअरवाला आहे, आणि तुमचा डावा पाय पिकअपच्या क्लचने आधीच तयार झालेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, जुन्या गाडीचा भाव करताना हे कार्ड खिशात ठेवा. डीलर अजून बऱ्याचदा नव्या गाडीच्या कपातीआधीच्या किमतीवरून हिशोब मांडतात.

तरीही आरएसच घ्यायची असेल तर घ्या. ४३ व्या वर्षी माणसाने सगळ्या गोष्टी व्यवहारानेच कराव्यात असा काही शासन निर्णय नाही. फक्त गाडीच्या किमतीशिवाय दीड-दोन लाख बाजूला काढून ठेवा आणि ते आहेत हे विसरून जा. चार टायर, ब्रेकच्या डिस्क, एखादं सस्पेन्शनचं काम, एवढ्यात ते संपतात. कर्ज काढून ते पैसे त्यातच बसवावे लागणार असतील तर आरएसचा विचार सोडा.

आता मूळ व्यवहार, म्हणजे एक्सचेंज. इथे मात्र माझं मत ठाम आहे.

एका माणसाकडून घ्यायची आणि त्यालाच विकायची, यात तो दोन्ही बाजूंना कमावतो आणि तुम्हाला एकच आकडा दाखवतो: 'वर नऊ.' त्या नऊमध्ये पिकअपचे किती कमी धरले आणि आरएसचे किती जास्त लावले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पिकअपबद्दल साडेनऊ हा आकडा मला कमी वाटतो. फर्स्ट ओनर, फोर बाय फोर, पांढरी पाटी, याला गिऱ्हाईक वेगळं असतं: बागायतदार, रिसॉर्टवाले, डोंगरात फिरणारे. नवी घ्यायला गेलं तर दुप्पट-अडीचपट पैसे लागतात, म्हणून ते जुनी शोधत असतात. तुम्ही स्वतः महिना-दीड महिना काढा. जाहिरात टाका, मुळशी-मावळात चार लोकांच्या कानावर घाला. ज्या भावकीने एवढी वर्षं गाडी वापरली, तिच्यातलाच एखादा विकत घेतो का तेही विचारून बघा. बहुधा कुणी घेणार नाही, पण त्यानंतर फुकट मागायला तोंड राहत नाही.

दुसरी भानगड कागदांची. डीलर म्हणेल, 'फॉर्म २९, ३० वर सह्या करून द्या, गिऱ्हाईक मिळालं की नावावर करतो.' हे मालकी बदलण्याचे फॉर्म. असे कोरे फॉर्म महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि तोवर गाडी आरटीओच्या नोंदीत तुमचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिलाय की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदीत आहे. एप्रिल २०२३ पासून यावर सोय झालीय: आरटीओचं अधिकृतपत्र असलेला जुन्या गाड्यांचा डीलर गाडी ताब्यात घेतो तेव्हा तो आणि मालक मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरतात आणि गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. तुमच्या डीलरकडे ते अधिकृतपत्र आहे का विचारा. नाही म्हणाला तर चहा पिऊन उठा.

थेट गिऱ्हाईकाला विकलीत तरी ताबा दिल्याचा कागद करा, तारीख आणि वेळ घालून, दोघांच्या सह्यांचा, आणि ट्रान्सफर एमएच १२ च्या नोंदीत झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक खेड-शिवापूरला तुमच्या पैशाने टोल भरेल. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. ई-चलनं भरून टाका. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: पिकअप तुमच्या नावावर आहे की वर्कशॉपच्या फर्मच्या? फर्मच्या नावावर असेल आणि इतकी वर्षं घसारा दाखवला असेल तर विक्रीवर जीएसटीचा प्रश्न येतो. सीएला फोन करूनच सौदा करा. आरएसवर डीलर 'प्लस जीएसटी' म्हणाला तर त्याला सांगा की जुन्या गाडीवरचे १८ टक्के त्याच्या नफ्यावर लागतात, पूर्ण साडेअठरा लाखांवर नाही.

तर क्रम असा: आतेमेहुण्याला या महिन्यापासून नाही. पिकअप स्वतः विका. पैसे खात्यात आले की मग सेडान बघायला निघा, आणि तीन गाड्या चालवल्याशिवाय कुठेही टोकन देऊ नका. चालवताना सौभाग्यवतींना मागच्या सीटवर बसवा. पत्रातली सगळ्यात व्यवहारी ओळ त्यांचीच आहे.

ता. क. पत्राबरोबरच्या फोटोत पिकअपला पुढे जाडजूड बुलबार दिसतोय. तो काढूनच जाहिरातीचे फोटो काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने असे बार बंद करण्याचे आदेश राज्यांना दिलेत, दंड होतोच, आणि एअरबॅगचा सेन्सरही त्यामुळे गोंधळू शकतो. हौद्यावरची कॅनोपी मात्र वेगळी विका, तिला स्वतंत्र गिऱ्हाईक आणि बरे पैसे मिळतात.